टायटॅनियम

टायटॅनियम : (टिटॅनियम असेही लिहितात). रुपेरी करड्या रंगाचा धातू. अणुक्रमांक २२, वितळबिंदू सुमारे १,६६८° से.

याच्या शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी दोन मते आढळतात. इंग्लंडमधील कॉर्नवॉलचे धर्मगुरू विल्यम ग्रेगर यांना १७९१ च्या सुमारास मॅनॅकन गावाजवळ चुंबकाला चिकटणारी काळी वाळू मिळाली. तिच्यातले लोह काढल्यावर जे पांढरे ऑक्साइड उरले, ते कोणत्याही ज्ञात धातूचे नव्हते. बर्लिनचे मार्टिन क्लापरोट यांना १७९५ मध्ये रूटाइल या खनिजात असेच द्रव्य आढळले आणि ग्रीक पुराणांतील टायटन या भूमिपुत्रांवरून त्यांनी हे नाव ठेवले. पुढे ग्रेगर यांचे खनिज तपासून दोन्ही एकच असल्याचे क्लापरोट यांनीच दाखवले. त्यामुळे शोध ग्रेगर यांचा व नाव क्लापरोट यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शुद्ध धातू मात्र दोघांनीही पाहिला नाही. तो १९१० मध्ये अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी मिळवला.

ग्रेगर यांचा पहिला प्रयोग पुण्यातल्या मुलांनाही करता येतो. पावसाळा सरल्यावर टेकडीवरच्या वाळलेल्या ओहोळात कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवावा. त्याच्या टोकाला बारीक काळ्या कणांची दाढी उगवते. हे मुख्यतः मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण. आपल्या काळ्या पाषाणातून ते सुटतात आणि त्यांत थोडे टायटॅनियम असते. चुंबक ओढतो तो लोहाला. शुद्ध टायटॅनियम त्याला चिकटत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे प्रमुख खनिज आहे.

पोलादाचा तुकडा १०० ग्रॅम भरला, तर तेवढ्याच आकाराचा टायटॅनियमचा तुकडा सुमारे ५७ ग्रॅम भरतो. इतका हलका असूनही तो मजबूत असतो. हवेत त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा तयार होतो. म्हणून घामाने किंवा समुद्राच्या पाण्याने तो गंजत नाही. मात्र तापलेला धातू हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो. त्यामुळे तो हवेपासून दूर ठेवूनच तयार करावा लागतो, आणि महागही पडतो.

विमानांचे भाग, चष्म्याच्या काड्या यांसाठी हा धातू वापरतात. खनिजाचा बहुतांश भाग मात्र धातू न होता पांढरी पूड बनतो आणि भिंतीच्या रंगात जातो. आजोबांच्या खुब्यात बसवलेला टायटॅनियमचा दांडा शरीर सहसा परका मानत नाही. हाड हळूहळू त्याच्या अंगालगत वाढते आणि त्याला घट्ट धरून ठेवते.