स्लीपमधून उठताना संगणक कोलमडला, म्हणजे रॅम गेली असे नव्हे

नौपाड्यापासून वाशीपर्यंत अनेक घरांत एक समज वर्षानुवर्षे पक्का आहे: स्लीपमधून जागा करताना संगणक गोठला किंवा पडदा निळा झाला, की रॅम (चालू काम तात्पुरते साठवणारी स्मृती) बदलावी, नाहीतर विंडोज नव्याने टाकावे. हा समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो आणि त्यापायी पैसे व जपलेले फोटो दोन्ही जातात, म्हणून हा खुलासा.

स्लीपमध्ये रॅमला थोडी वीज मिळत राहते आणि उघडे काम तिच्यातच टिकते; मात्र ग्राफिक्स, वाय-फाय, यूएसबी अशा भागांची वीज तोडलेली वा कमी केलेली असते, आणि जागे होताना प्रत्येकाला त्याच्या ड्रायव्हरने (तो भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) पुन्हा कामाला लावावे लागते. एक ड्रायव्हर अडखळला, तरी सारी यंत्रणा थांबू शकते. रॅम खरोखर सदोष असेल, तर संगणक सहसा एरवीही कोलमडतो. शंका असल्यास विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक ही रॅमची तपासणी चालवावी.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद रॅम बिघडल्याचा पुरावा म्हणून दाखवली जाते. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही.

त्यामुळे खर्चापूर्वी उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्स व चिपसेटचे (मदरबोर्डवरील भागांना जोडणाऱ्या चिपचे) ड्रायव्हर अद्ययावत करावेत आणि जोडलेली यूएसबी उपकरणे काढून पाहावे. बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरील मूळ प्रणाली) त्यानंतरच अद्ययावत करावे, कारण आपल्याकडे पावसाळ्यात वीज अवचित जाते आणि अद्ययावत होत असताना ती गेली, तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.