सतरा लँड आणि साखर पेठेतली दुपार

मे महिन्यात दुपारी सोलापुरात कामाशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. साखर पेठेत ताईच्या घरी गेलो तेव्हा पंख्याखाली चादर अंथरून आठ मुलं गोल करून बसली होती. मला वाटलं मेंढीकोट रंगलाय. पण पत्ते वेगळेच होते, चित्रांचे आणि बारीक मजकुराचे. खेळाचं नाव मॅजिक द गॅदरिंग. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञानं तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. मांडण्या मोजण्याचं गणित हाच गारफील्डचा अभ्यासाचा विषय होता, आणि खेळ बघताना ते पदोपदी जाणवतं.

आपल्या नेहमीच्या खेळांत कॅट सगळ्यांचा एकच असतो. इथे प्रत्येकाचा कॅट, म्हणजे डेक, ज्यानं त्यानं बांधायचा. मुलं 'ड्राफ्ट' खेळत होती. प्रत्येकाला तीन बंद पाकिटं मिळतात. पूर्वी एका पाकिटात १५ पत्ते असत, नव्या पाकिटांत १४ असतात. पाकीट फोडायचं, एक पत्ता ठेवून घ्यायचा, उरलेले डावीकडच्याला द्यायचे. उजवीकडून आलेल्या गठ्ठ्यातून पुन्हा एक. दुसऱ्या पाकिटाला दिशा उलटी, तिसऱ्याला पुन्हा पहिल्यासारखी.

या देवाणघेवाणीत कुणी तोंडानं काही सांगत नाही, तरी बातमी फिरत असते. पत्त्यांचे रंग पाच: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. साधारण दोन रंगांतच डेक बसतो. सहाव्या खेपेला एखादा जबरदस्त हिरवा पत्ता हाती आला, तर त्याचा अर्थ तुमच्या आधी पाच जणांनी तो पाहिला आणि सोडला. एकदा असं घडलं तर योगायोग म्हणता येईल. सातव्या, आठव्या खेपेलाही चांगले हिरवे येत राहिले, तर उजवीकडे हिरव्याला गिऱ्हाईक नाही हा अंदाज बळकट होतो. नव्या पुराव्यानं जुना अंदाज थोडा थोडा बदलत नेणं, संभाव्यताशास्त्रात यालाच बेझची पद्धत म्हणतात. नवव्या खेपेला तर तुम्ही स्वतः फोडलेलं पाकीटच फिरून परत येतं. त्यातले आठ पत्ते गेलेले असतात, एक तुमचा आणि सात इतरांनी नेलेले. काय गेलं आणि काय मागे राहिलं, हे ज्याला आठवतं त्याला निम्मी बैठक कळलेली असते.

माझ्या भाच्यानं पहिल्याच खेपेला लाल ड्रॅगन उचलला आणि शेवटपर्यंत लालच धरून बसला. उजवीकडचा मुलगाही लालच घेत होता. पाकिटं ते सांगत होती, भाचा ऐकत नव्हता. हाती आलेली पहिली भारी गोष्ट सोडवत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे.

पण त्याची खरी चूक पुढे झाली. ड्राफ्टचा डेक किमान ४० पत्त्यांचा. त्यात 'लँड', म्हणजे जमिनीचे पत्ते, लागतात. एका पाळीत एकच लँड खाली ठेवता येतो आणि त्याच्या जोरावर बाकीचे पत्ते खेळता येतात. ताण्याशिवाय बाण्याचा उपयोग नाही, हे मागाच्या गावात कुणाला वेगळं सांगायला नको. रूढ प्रमाण १७ लँड आणि २३ इतर पत्ते. भाच्यानं दोन आवडते पत्ते बसवण्यासाठी लँड १५ वर आणले. पहिल्या हातात सात पत्ते उचलले, त्यात लँड एकच. पुढच्या दोन पाळ्यांतही नाही. "मामा, नशीबच फुटकं."

मी कागद घेतला. ४० पत्त्यांतून सात उचलायचे १,८६,४३,५६० मार्ग आहेत. १७ लँड असतील, तर हातात एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता साडेदहा टक्के, आणि पाच किंवा जास्त येण्याची दहा टक्के. उपासमार आणि अजीर्ण जवळजवळ सारखं, म्हणून काटा १७ वर उभा राहतो. लँड १५ केले की अजीर्ण साडेपाच टक्क्यांवर येतं, पण उपासमार जवळपास सतरा टक्के होते. दहा हातांत एकदा होणारी फजिती सहा हातांत एकदा. ते दोन पत्ते त्यानं या भावानं विकत घेतले होते.

आणि एका लँडचा हात त्यानं बदलून न घेता तसाच खेळायला ठेवला, तोही हिशेब मांडला. उरलेल्या ३३ पत्त्यांत १४ लँड. सलग दोनदा लँड न येण्याची शक्यता ३३ पैकी १९ गुणिले ३२ पैकी १८, म्हणजे बत्तीस टक्के. तीनातून एकदा घडणाऱ्या गोष्टीला फुटकं नशीब म्हणत नाहीत.

पुढच्या डावाआधी तो दर दोन पत्त्यांमागे एक लँड खोचायला लागला. खेळाडू याला चक्क 'विणणं' म्हणतात, आणि विणकराच्या नातवाचे हात त्यात सराईत होते. पण नंतर नीट पिसलं तर त्या विणीचा मागमूस राहत नाही, आणि नीट पिसलं नाही तर ती लबाडी. नीट म्हणजे किती? दोन भाग करून पत्ते एकमेकांत सोडायच्या पद्धतीनं ५२ पत्त्यांना सुमारे सात वेळा, असं डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं. ४० पत्त्यांनाही सात पिसण्या पुरतात. मुलांनी मोठ्यानं मोजल्या, काहींनी मराठीत, काहींनी तेलुगूत.

भाच्यानं ड्रॅगन ठेवला, दुसरे दोन पत्ते काढले, लँड १७ केले. पिसून सात पत्ते उचलले.

पुन्हा एकच लँड.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दहातून एकदा," मी म्हणालो. नियमाप्रमाणे सगळा हात परत मिसळून नवे सात घेता येतात, फक्त त्यातला एक डेकच्या तळाशी सारावा लागतो. त्यानं हात खाली ठेवला आणि पिसायला घेतलं. एक, दोन, तीन...