सी ड्राइव्हची हद्द : पार्टिशनच्या रेषा कुठून आल्या

संगणकावर जागा संपल्याची सूचना येते तेव्हा बहुतेक वेळा सगळी डिस्क भरलेली नसते. सी ड्राइव्हवर जेमतेम एक-दोन जीबी उरलेले असतात आणि त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्ह अर्ध्याहून अधिक रिकामा असतो. डीमधली जागा सीला द्यावी, एवढीच वापरणाऱ्याची मागणी असते; पण डी आकसून घेतल्यावरही विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीसमोरचा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिकटच राहतो. हा अडथळा नीट समजायचा, तर चाळीस वर्षांहून मागे जावे लागते.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिच्यासाठी तयार झालेल्या पीसी डॉस २.० मध्ये एफडिस्क हा डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्रॅम होता. एवढ्याशा डिस्कचे आणखी तुकडे कशाला पाडायचे, असे आज वाटेल. पण तेव्हा प्रश्न जागेचा नव्हता, शेजाराचा होता. एकाच यंत्रावर डॉसबरोबर सीपी/एम-८६ सारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही नांदू शकत होती, दोघींची फाइली मांडण्याची रीत निराळी होती, आणि एकीने दुसरीच्या हद्दीत काही लिहू नये यासाठी हद्दी आखून देणे भाग होते. असा आखून दिलेला डिस्कचा भाग म्हणजे पार्टिशन.

या हद्दींची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्क ज्या लहान कप्प्यांत मोजली जाते त्यातल्या पहिल्या कप्प्यात, ठेवली गेली. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी, शेवटचे दोन ओळखखुणेसाठी, आणि उरलेल्या ६४ बाइटमध्ये प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी. पार्टिशनचा प्रकार कोणता, ते कोणत्या सेक्टरपासून सुरू होते आणि किती सेक्टर लांब आहे, हा त्या नोंदीतला मुख्य मजकूर. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. ज्या नोंदीत फक्त सुरुवात आणि लांबी मावते, तिच्यात ‘थोडी जागा इथली, थोडी तिथली’ असे लिहिताच येत नाही. पार्टिशन म्हणजे सलग पट्टा, हे तेव्हाच ठरून गेले.

पुढे काही वर्षांतच हद्दी आखणे ही सोय न राहता सक्ती झाली. डॉस एका पार्टिशनमधले सेक्टर १६ बिटांच्या आकड्याने मोजत असे, त्यामुळे ३२ एमबीच्या पलीकडे त्याला मोजताच येत नव्हते. ४० एमबीची डिस्क घेणाऱ्याला ती पूर्ण वापरायची तर तिचे दोन भाग करणे भाग होते, आणि १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये पोटात आणखी भाग पाडता येणारे एक्स्टेंडेड पार्टिशन आले ते त्यासाठीच. ही मर्यादा लवकरच उठली, पण फॅट१६ या डॉसच्या फाइली मांडण्याच्या रीतीची पुढची भिंत २ जीबीवर उभी होती आणि तिथे पोहोचेपर्यंत निराळीच नासाडी सुरू झाली होती. १ ते २ जीबीच्या पार्टिशनमध्ये एकेक क्लस्टर, म्हणजे फाइलीला मिळणारा जागेचा किमान तुकडा, ३२ केबीचा असे, आणि एक केबीची चिठ्ठीसुद्धा अख्खा क्लस्टर अडवून बसे. दर फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया गेला असे धरले, तरी १०,००० फाइलींमागे सुमारे १५६ एमबी नुसते हवेत जात. त्या काळी जागा मोकळी करण्यासाठी मोठे पार्टिशन तोडून लहान करण्याचा सल्ला दिला जाई, तो या हिशोबावरून. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आले आणि हे कारण संपले.

सवय मात्र उरली. सीवर विंडोज आणि डीवर आपला मजकूर ठेवला की विंडोज नव्याने टाकताना सी फॉरमॅट करता येई आणि डीला धक्का लागत नसे. हा व्यवहार शहाणपणाचा होता, पण त्याला बॅकअप समजण्याची चूक सर्रास झाली. डिस्कच बिघडली तर दोन्ही ड्राइव्ह एकदमच जातात. शिवाय सीचा आकार त्या दिवशीच्या गरजेवर ठरवला जाई, आणि अपडेट, प्रोग्रॅम, डेस्कटॉपवरच्या फाइली, डाउनलोड हे सगळे आपोआप सीवरच येऊन पडत राही.

आखलेली रेषा हलवण्याचा जुना मार्ग एकच होता : सगळे दुसरीकडे उतरवून घ्यायचे, पार्टिशन पुसायचे, नव्याने पाडायचे, फॉरमॅट करायचे आणि मजकूर परत भरायचा. नव्वदच्या दशकात पॉवरक्वेस्ट कंपनीच्या पार्टिशनमॅजिकने मजकूर न पुसता हे काम करून दाखवले. २००४ मध्ये लिनक्सच्या जगात जीपार्टेड आले, आणि विंडोज व्हिस्टापासून आकसण्याची व वाढवण्याची सोय खुद्द विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मिळाली.

पण ही सोय पार्टिशनच्या फक्त शेवटच्या टोकाशी काम करते. शेवट मागे घेणे तुलनेने सोपे आहे : टोकाकडच्या फाइली आत सरकवायच्या आणि लांबी बदलायची. त्यातही पेजफाइलसारख्या (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरते ती फाइल) हलवता न येणाऱ्या फाइली वाटेत असल्या, तर दिसते तेवढी रिकामी जागा हाती लागत नाही. सुरुवात पुढे ढकलायची म्हणजे मात्र सगळा मजकूर नव्या जागी लिहावा लागतो, आणि मध्येच वीज गेली तर तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहू शकतो. म्हणून डी आकसल्यावर मोकळी झालेली जागा डीच्या पलीकडच्या टोकाला पडते, सीला खेटून येत नाही. मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडल्यास दुरुस्तीची साधने ठेवलेला भाग) असले तर डी पूर्ण पुसूनही सी वाढत नाही. जीपार्टेडसारख्या साधनाने मधले पार्टिशन सरकवता येते, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्या कामाला हात लावू नये.

२ टीबीपलीकडच्या डिस्क आल्या तेव्हा पहिल्या सेक्टरमधल्या नोंदींतले ३२ बिटांचे आकडेही अपुरे पडले आणि पार्टिशनच्या नोंदींचा जीपीटी हा नवा तक्ता रूढ झाला. त्यात साधारणपणे १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. सलग पट्ट्याचा नियम मात्र तोच राहिला. तो खऱ्या अर्थाने सैल केला तो लिनक्समधल्या एलव्हीएम या विखुरलेली जागा एकत्र जोडणाऱ्या व्यवस्थेने आणि २०१७ मध्ये मॅकवर आलेल्या एपीएफएस या फाइली मांडण्याच्या नव्या रीतीने. एपीएफएसमध्ये अनेक व्हॉल्यूम एकाच साठ्यातून लागेल तशी जागा घेतात आणि कोणाची हद्द आधी आखावी लागत नाही.

विंडोजवर ती अजून आखावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये एक सुरक्षा अपडेट कित्येक संगणकांवर बसेना, कारण रिकव्हरी पार्टिशन त्याच्यासाठी अपुरे होते. तेव्हा मायक्रोसॉफ्टने वापरणाऱ्यांना दिलेल्या सूचना अशा होत्या की विंडोजचे पार्टिशन २५० एमबीने आकसावे, रिकव्हरी पार्टिशन पुसावे आणि मोकळ्या झालेल्या सलग जागेत ते हाताने पुन्हा पाडावे.