जमिनीत पुरलेल्या रांजणातलं रसायन

जॉर्जियातल्या काखेती प्रांतात पारंपरिक वाईन जमिनीच्या पोटात तयार होते. भाजलेल्या मातीचा, आतून मधमाशीचं मेण लावलेला, तळाला निमुळता होत गेलेला मोठा रांजण तोंडापर्यंत पुरलेला असतो. त्याचं नाव क्वेव्री. त्यात द्राक्षाचा रस, साली, बिया आणि बरेचदा देठही एकत्र टाकतात.

यीस्ट वेगळं घालत नाहीत. सालींवरचं आणि तळघरातलं यीस्टच साखरेचं अल्कोहोल करतं. आंबताना वर तरंगणाऱ्या साली दिवसातून अनेकदा दांड्याने खाली ढकलाव्या लागतात. या काळात बरीच उष्णता निर्माण होते, ती भोवतालची माती ओढून घेते. जोर ओसरला की तोंड बंद करतात.

मला सर्वांत थक्क करतो तो रांजणाचा आकार. जड बिया निमुळत्या तळाशी जाऊन बसतात, मेलेल्या यीस्टचा गाळ त्यांना झाकतो, आणि बियांतलं टॅनिन हे कडवट-तुरट द्रव्य वाईनमध्ये फारसं उतरत नाही. सालींतलं टॅनिन मात्र उतरतं. एरवी पांढऱ्या वाईनसाठी साली लगेच बाजूला काढतात. इथे त्या पाच-सहा महिने रसातच राहतात, म्हणून पांढऱ्या द्राक्षांची वाईनही गडद सोनेरी आणि तुरट होते. सालींतली टॅनिनसारखी हीच द्रव्यं (फिनॉलिक द्रव्यं) तिला ऑक्सिजनपासून जपतात.

राजधानी त्बिलिसीच्या दक्षिणेला शुलावेरी गोरा आणि गदाच्रिली गोरा इथल्या खापरांत टार्टारिक आम्लाचे अंश सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. चिंचेतही असणारं हे आम्ल त्या भागात द्राक्षाकडेच बोट दाखवतं. काळ इसवीसनपूर्व ६००० च्या आसपासचा. यातून वाईनचं वय कळतं. आजची क्वेव्री तितकीच जुनी आहे हे सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टींची सरमिसळ मात्र सर्रास होते.

क्वेव्रीची पद्धत युनेस्कोने २०१३ मध्ये वारसा म्हणून नोंदवली. माझ्या मते द्राक्षांचा वारसा त्याहून नाजूक आहे. जॉर्जियात पाचशेहून अधिक देशी वाण आहेत. साल आणि गर दोन्ही लाल असलेलं सापेरावी आणि पांढरं र्‍कात्सितेली सगळीकडे दिसतात, कारण सोव्हिएत काळात भर उत्पादनावर होता आणि मोजकेच वाण लावले गेले. १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेत तर कित्येक बागा उपटल्या गेल्या. म्त्सखेताजवळ जिघाउरा इथल्या सरकारी संशोधन केंद्रात आता शेकडो देशी वाण जपले आहेत आणि त्यांची रोपं शेतकऱ्यांना मिळतात. किसीसारखी मागे पडलेली द्राक्षं त्यामुळे पुन्हा बागांत लागत आहेत.