स्वतः जोडलेला पीसी स्वस्तच पडतो?

सुटे भाग आणून स्वतः जोडला की कॉम्प्युटर स्वस्तच पडतो, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. साध्या ऑफिसकामाच्या मशीनला ते सहसा लागू होत नाही. कंपन्या प्रोसेसर आणि विंडोजचं लायसन्स घाऊक भावात उचलतात, आपल्याला दोन्ही किरकोळीत.

तयार पीसी घेतलात तर (वॉरंटीच्या अटी वाचून) झाकण उघडून बघाच. बऱ्याचदा आत ८ जीबी रॅमची एकच पट्टी असते, शेजारचा स्लॉट रिकामा. तशीच दुसरी बसवली की ड्युअल चॅनेल सुरू होतं, म्हणजे प्रोसेसर दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये फरक लगेच कळतो. पॉवर सप्लाय मात्र काही कंपन्या स्वतःच्याच मापाचा घालतात. तो गेला की बाजारातला साधा बसत नाही. खरी मेख तिथे आहे.