जेम्स ग्रँट डफ

जेम्स ग्रँट डफ (८ जुलै १७८९ – २३ सप्टेंबर १८५८) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला स्कॉटिश अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यात कंपनीतर्फे बसलेला पहिला साहेब हाच, आणि १८२६ साली इंग्रजीत तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास लिहिला तोही यानेच. आपल्याकडे त्याचं नाव बहुतेक वेळा शिव्या घालतानाच निघतं. त्यातल्या काही त्याला लागूही पडतात, पण माणूस त्याहून जरा गुंतागुंतीचा होता.

आधी नावाचा घोळ. मूळ नाव नुसतं जेम्स ग्रँट. डफ हे आजोळचं आडनाव, ते आईकडची ईडनची इस्टेट मिळाली तेव्हा १८२५ च्या सुमाराला लागलं, आणि पुढे बायकोला तिच्या आजोळची इस्टेट मिळाली तेव्हा कनिंगहॅमही चिकटलं. म्हणजे साताऱ्यात होता तेव्हा तो डफ नव्हताच, ग्रँटसाहेब होता. जुने कागद वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

जन्म स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बँफ गावचा. वडील लवकर वारले, आई मुलांना घेऊन ॲबर्डीनला आली आणि तिथल्या मॅरिशल कॉलेजात तो शिकला. खरं तर त्याला कंपनीच्या सिव्हिल नोकरीत घालायचं ठरत होतं, पण पोराला धीर नव्हता, १८०५ साली लष्करातली कॅडेटची जागा मिळाली ती घेऊन सोळाव्या वर्षी तो मुंबईकडे निघाला. काठेवाडातल्या मालियाच्या गढीवरच्या हल्ल्यात नाव कमावलं, फारसी शिकून पलटणीचा दुभाषा झाला आणि पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (तोही स्कॉटिशच) याच्या नजरेत भरला. एल्फिन्स्टननं त्याला हाताखाली घेतलं.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा तो पुण्यातच. पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूनं मैदानात उतरताना त्यानं डोळ्यांनी पाहिली आणि पुढे पुस्तकात त्याचं वर्णन केलं, की खंबायतच्या आखातात भरतीची लाट भिंतीसारखी गर्जत आत शिरते ती ज्यानं पाहिलीय त्यालाच हे दृश्य कळेल, कुंपणं आणि उभी पिकं तुडवत फौज पुढे येत होती. शत्रूच्या सैन्याचं असं वर्णन करणारा माणूस नुसता हिशेबी कारकून नव्हता एवढं नक्की. त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी (रेसिडेंटचा बंगला) जळाली, त्यात एल्फिन्स्टनची पुस्तकंही गेली.

१८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांकडे आले. एप्रिलमध्ये त्यांना गादीवर बसवलं आणि कारभार बघायला ग्रँटला साताऱ्याला धाडलं. महाराज पंचविशीचे, ग्रँट त्यांच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा. नीरा-भीमेपासून कृष्णा-वारणेपर्यंतचा मुलूख आणि वर हा अठ्ठावीस वर्षांचा साहेब! १८१९ च्या सप्टेंबरात तह झाला, १८२० मध्ये औंधचे प्रतिनिधी, भोरचे सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले यांच्याशी वेगवेगळे करार झाले आणि १८२२ च्या एप्रिलमध्ये महाराजांच्या हाती पूर्ण कारभार दिला. पूर्ण म्हणजे कंपनी म्हणेल तेवढा पूर्ण, हे सांगायला नको.

त्याच्या नोकरीचा खरा फायदा त्याच्या पुस्तकाला झाला. पुण्यातलं पेशवे दप्तर आता कंपनीच्या ताब्यात, साताऱ्यात छत्रपतींचे कागद, मल्हार रामराव चिटणिसांची बखर हाताशी, शिवाय फारसी तवारिखा, मुंबई आणि सुरतेच्या इंग्रज वखारींच्या नोंदी, गोव्यातले पोर्तुगीज कागद. दिवसभर कचेरी आणि उरलेल्या वेळात हे. डोकेदुखी इतकी वाढली की सहा-सहा, कधी सोळा-सोळा तास थांबायची नाही, मग डोक्याला ओली फडकी गुंडाळून बसायचा आणि लिहायचा. शेवटी तब्येतीनं हात टेकले आणि पाच वर्षांनी तो मायदेशी परतला. पुस्तक तिथं पुरं केलं. लंडनच्या एका मोठ्या प्रकाशकाचं म्हणणं, मराठे कोणाला माहीत आहेत, नाव बदला. यानं नाही बदललं, दुसरीकडे छापलं आणि पदरचे पैसे घालवले.

दोन-चार वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी त्याचं मराठी केलं, नाव ‘मराठ्यांची बखर’. गंमत बघा, साहेबानं बखरींवरून इतिहास लिहिला आणि आपण त्या इतिहासाची पुन्हा बखर केली, आणि शाळेतली पोरं शिवाजी महाराजांची गोष्ट तीच वाचून शिकली. मग चीड येणारच. अफझलखानाचा वध म्हणजे सरळ दगा असं त्यानं लिहिलं, तेही मुघलांच्या बाजूच्या खाफीखानासारख्या इतिहासकारांवर बरीच भिस्त ठेवून. १८६७-६८ च्या सुमाराला नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानं ह्या बखरीवर सडेतोड टीका लिहिली. त्यातला एक प्रश्न फार नेमका होता: अमुक कागदाची नक्कल मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवली आहे असं डफ टीपेत सांगतो, तर त्या नकला गेल्या कुठं? त्या सापडल्या नाहीत. यातूनच डफनं वापरून झाल्यावर कागद जाळले ही वदंता पसरली, ती आजही ऐकू येते. पुरावा मात्र कोणी दिलेला नाही.

न्यायमूर्ती रानड्यांचा आक्षेप वेगळा. सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तशी मराठ्यांची सत्ता उठली अशी डफची उपमा होती. वणवा म्हणजे अपघात, आपोआप लागलेला. रानडे म्हणाले की नाही, संतांपासून गावगाड्यापर्यंत सगळ्यांनी आधी जमीन तयार केली होती. मला हाच आक्षेप सगळ्यात वजनदार वाटतो, कारण डफच्या तीन खंडांत लढाया, तह आणि चौथाईचे हिशेब भरपूर, पण माणसं काय गात होती, काय पिकवत होती ते शोधावं लागतं.

तरी सनावळीचा सांगाडा त्याचाच. त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांनाही आधी तोच उघडावा लागला.

साताऱ्याचं पुढे काय झालं ते त्यानं ईडनला बसून ऐकलं असणार. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, १८४७ ला ते तिथंच वारले आणि १८४८ मध्ये राज्य खालसा झालं. मुलाचं नाव त्यानं जुन्या वरिष्ठावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं होतं, तो मुलगा १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली अस्सल पत्रं, आणि प्रस्तावनेत डफच्या चुका एकेक करून मोजल्या. ती पत्रं त्यांना वाईत मिळाली होती. वाई साताऱ्यापासून पस्तीसेक किलोमीटर, ग्रँटसाहेबाच्याच अमलाखालचं गाव.