नवरा-बायकोचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील तर: विमानतळावरच्या इमिग्रेशनची माहिती

इमिग्रेशनच्या काउंटरवर यंत्रात एका वेळी एकच पासपोर्ट जातो. माणसाला आत सोडायचं का, किती दिवसांसाठी आणि कोणत्या कामासाठी, हे त्या एका पासपोर्टवर ठरतं. लग्न झालंय म्हणून एकाचा हक्क दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. काही देशांत होतो, पण तिथेही कोणत्या नियमाखाली होतो हे ठाऊक हवं आणि त्याचा कागद हातात हवा. म्हणून सल्ल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला आम्ही दोन वेगळ्या फायली करायला सांगतो: एकाची एक, दुसऱ्याची दुसरी, आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत दोन्हींत.

पहिली तपासणी चेक-इनलाच

कागद अपुरे असलेल्या प्रवाशाला विमानात घेतलं तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. त्यामुळे चेक-इनचे कर्मचारी ‘टिमॅटिक’ या प्रणालीत प्रत्येकाचं नागरिकत्व, व्हिसा आणि वाटेतले थांबे तपासतात. दोघांचं बुकिंग एकच असलं तरी तपासण्या दोन होतात. एकाला मोबाइलवर बोर्डिंग पास मिळतो आणि दुसऱ्याला ‘काउंटरवर या’ असा निरोप येतो, तो यामुळेच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मात्र वेळ जास्त धरा.

अडचणी बहुतेक इथेच येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा वाटेतल्या थांब्याच्या असतात. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन पार करावंच लागतं. त्यामुळे अमेरिकी नागरिकाच्या परदेशी जोडीदारालाही ट्रान्झिटसाठी व्हिसा लागतो, आणि पासपोर्ट व्हिसा-माफीच्या देशाचा असेल तर एस्टा (ऑनलाइन प्रवास-परवानगी) लागतो. शेंगेन देशांमधलं, म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांमधलं, गणित वेगळं. फ्रँकफर्टला विमान बदलून रोमला जाणार असाल तर शेंगेनमध्ये प्रवेश फ्रँकफर्टलाच होतो, रोमला नाही. जर्मन पासपोर्टवाला तिथून दहा मिनिटांत सुटेल, जोडीदाराला तासभर लागू शकतो, आणि रोमचं विमान दोघांसाठीही थांबत नाही. म्हणून दोन विमानांमधलं अंतर नेहमी ज्याचा पासपोर्ट हळू पुढे सरकतो त्याच्या हिशेबाने ठेवा. वेबसाइट दीड तासाचं कनेक्शन विकते, ती तुमचे पासपोर्ट पाहून विकत नाही.

ऑनलाइन फॉर्मचा घोळही असाच होतो. थायलंडला १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, थाई नागरिकाला नाही. थाई जोडीदाराने ‘मला कधीच लागत नाही’ असं सांगितलं की दुसऱ्याचं राहून जातं. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ही दोन्ही कार्डं सरकारी साइटवर मोफत आहेत. पैसे मागणारी साइट दिसली तर तुम्ही चुकीच्या जागी आलात असं समजा. ब्रिटनमध्ये व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांना आता ईटीए (ऑनलाइन प्रवास-परवानगी) लागतं. तुमच्यापैकी एकाला ईटीए, दुसऱ्याला व्हिसा आणि तिसऱ्या कुणाला काहीच नाही, असं एकाच कुटुंबात घडू शकतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक. निवासाचं प्लॅस्टिक कार्ड जाऊन आता ई-व्हिसा आला आहे, आणि तो एका ठराविक पासपोर्टशी जोडलेला असतो. पासपोर्ट नवा काढला आणि यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्यात त्याचा क्रमांक बदलला नाही, तर परतीच्या चेक-इनला यंत्राला तुमचा व्हिसा दिसतच नाही. नवा पासपोर्ट हातात आला त्याच दिवशी खात्यात बदल करा.

नाव

लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर एकच नियम लक्षात ठेवा: तिकिटावर तेच नाव, जे त्या प्रवासात दाखवायच्या पासपोर्टवर आहे. व्हिसा जुन्या नावाच्या पासपोर्टवर असेल आणि तो अजून चालू असेल, तर दोन्ही पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला बरोबर घ्या, पण त्या देशाला असं चालतं का हे आधी विचारून. दाखला स्थानिक भाषेतला असेल तर इंग्रजी किंवा त्या देशाच्या भाषेतलं प्रमाणित भाषांतर जोडा. लांब मुक्कामाच्या किंवा निवासाच्या अर्जाला अपोस्टिल (दाखला खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) लागू शकतं. नुसत्या सहलीत काउंटरवर ते क्वचितच कुणी बघतं.

कोणत्या रांगेत उभं राहायचं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं सगळीकडे चालेल असं एक उत्तर नाही.

युरोपात उत्तर कायद्यात आहे. शेंगेन सीमा संहितेनुसार ‘ईयू, ईईए, सीएच’ (युरोपीय संघ, युरोपीय आर्थिक क्षेत्र, स्वित्झर्लंड) अशी पाटी असलेली रांग फक्त तिथल्या नागरिकांची नाही. मुक्त संचाराचा हक्क असलेल्या सगळ्यांची ती रांग आहे, आणि त्यात ईयू नागरिकाचा पती किंवा पत्नी येते, तिचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. या हक्काचा मूळ आधार म्हणजे २००४ चा ३८ क्रमांकाचा ईयू निर्देश. ५ जून २०१८ रोजी ईयूच्या न्यायालयाने कोमान खटल्यात स्पष्ट केलं की यात समलिंगी जोडीदारही येतो.

मात्र दोन अटी लोक विसरतात. एक, जोडीदार ईयू नागरिकाबरोबर प्रवास करत असला पाहिजे किंवा त्याच्याकडे जात असला पाहिजे. एकटीने स्वतंत्र सहलीला निघालेल्या पत्नीला या नियमाचा आधार नाही. दुसरी अट जास्त घोटाळ्याची: हा निर्देश ईयू नागरिक स्वतःच्या देशाबाहेरच्या ईयू देशात असतो तेव्हा लागू होतो. फ्रेंच नवरा आणि ब्रिटिश बायको माद्रिदला उतरले तर ती त्याच्याबरोबर ईयूच्या रांगेत हक्काने उभी राहते. तेच दोघं पॅरिसला उतरले तर तो आपल्याच देशात आहे, तिथे फ्रान्सचा स्वतःचा कायदा चालतो आणि ईयू निर्देशाचं नाव घेऊन उपयोग होत नाही. पॅरिसला रांगेवरच्या कर्मचाऱ्याला विचारा. बहुतेक वेळा तो एकत्र जा म्हणतो, पण तो त्याचा निर्णय असतो.

रांगेचा हक्क आणि व्हिसाची सूट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या देशाच्या नागरिकाला शेंगेन व्हिसा लागतो, त्याला ईयू जोडीदार असूनही व्हिसा लागतोच. मात्र निर्देशाखाली तो फी न घेता आणि लवकर द्यावा लागतो. ‘ईयू नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवास कार्ड’ असेल तर व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. कार्डावर नेमकं काय छापलं आहे ते वाचा. ईयू देशाने आपल्या देशांतर्गत कायद्याखाली दिलेलं साधं निवास कार्ड वेगळं. त्यावर शेंगेनमध्ये फिरता येतं, पण आयर्लंडला ते चालत नाही, कारण आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. दोन्ही कार्डं दिसायला सारखी असतात, आणि डब्लिनच्या चेक-इनला फरक कळतो.

हे कार्ड पासपोर्टबरोबरच काउंटरवर ठेवा, मागायची वाट बघू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने ईईएस ही संगणकीय नोंदणी सुरू झाली. बाहेरच्या देशांच्या नागरिकांचा चेहरा आणि चार बोटांचे ठसे घेऊन प्रवेश आणि निर्गमन नोंदवलं जातं, आणि १८० दिवसांतले ९० दिवस संगणक मोजतो. निवास कार्डधारकाला यातून सूट आहे. कार्ड खिशातच राहिलं तर अधिकारी तुमची नोंद पाहुणा म्हणून करेल, आणि पुढे कधीतरी मुदत ओलांडल्याचा इशारा स्क्रीनवर येईल.

ब्रिटनला ई-गेट (पासपोर्ट वाचून आपोआप उघडणारी दारं) आहेत, तिथे एका वेळी एकच माणूस जातो आणि ठराविक देशांचेच पासपोर्ट चालतात: ब्रिटन, आयर्लंड, ईयू आणि ईईए देश, स्वित्झर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया. एकाचा पासपोर्ट यादीत नसेल तर दोघांनी अधिकाऱ्याच्या डेस्कवर जावं हे आमचं मत. तिथे काही प्रश्न निघाला तर जोडीदार शेजारीच असतो, गेटच्या पलीकडून त्याला परत येता येत नाही.

अमेरिकेत एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबाला काउंटरवर सहसा एकत्र बोलावतात. नागरिकांच्या रांगेत परदेशी जोडीदाराला घेतात का, हे विमानतळ आणि त्या वेळची गर्दी यावर असतं. ग्लोबल एंट्री या सदस्यांसाठीच्या जलद तपासणीचं तसं नाही. ज्याचं सदस्यत्व त्यालाच ती लेन, लहान मुलालाही स्वतःचं सदस्यत्व लागतं.

इतर ठिकाणी खात्री नसेल तर दोघंही परदेशी नागरिकांच्या रांगेत उभे राहा. तिथला अधिकारी स्थानिक पासपोर्टही तपासू शकतो. उलट केलं तर अर्धा तास उभं राहून परत पाठवलं जाण्याची शक्यता असते.

काउंटरवर

पासपोर्टचं कव्हर काढून ठेवा, टोपी आणि गॉगल काढा, मोबाइल बंद करून खिशात टाका. बऱ्याच हॉलमध्ये मोबाइल वापरायला मनाई असते, म्हणून हॉटेलचा किंवा नातेवाइकाचा पत्ता, परतीचं तिकीट आणि लग्नाचा दाखला कागदावर हवा. पिवळ्या रेषेमागे थांबा, एकत्र आहोत अशी खूण करा. एकेकाने या म्हटलं तर वाद न घालता एकेक जा.

ज्याला प्रश्न विचारला त्यानेच उत्तर द्यायचं. भाषा चांगली येणारा जोडीदार मधे बोलायला लागला की अधिकाऱ्याला शंका येते की दुसऱ्याला काही सांगायचं नाहीये. भाषेची अडचण असेल तर आधीच सांगा आणि दुभाष्या मागा.

त्या देशाच्या नागरिकाचा परदेशी जोडीदार पाहुणा म्हणून येतो, तेव्हा अधिकाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा इथेच राहणार तर नाही ना? अमेरिकेत तर कायद्याचं गृहीतकच असं आहे की पर्यटक व्हिसाचा अर्जदार स्थायिक व्हायला येतो आहे आणि तसं नाही हे त्याने दाखवायचं. त्यामुळे ‘बायको इथली आहे’ एवढं उत्तर अर्धवट राहतं. ‘बायकोच्या आईवडिलांकडे तीन आठवडे राहणार, २४ तारखेचं परतीचं तिकीट आहे, १ तारखेला कामावर हजर व्हायचं आहे’ हे पूर्ण उत्तर. बरोबर नोकरीचं पत्र किंवा घराचा भाडेकरार ठेवा, विचारल्याशिवाय काढू नका. आणि खरोखर तिथेच राहायचा विचार असेल तर पर्यटक म्हणून जाऊच नका. एकदा काउंटरवर खोटं बोलल्याची नोंद झाली की पुढच्या प्रत्येक अर्जाला ती आडवी येते.

एकाला आतल्या खोलीत पुढच्या चौकशीसाठी नेलं तर दुसऱ्याने अधिकाऱ्याला विचारावं की थांबायचं कुठे. बरोबर जाऊ देतीलच असं नाही. म्हणून प्रत्येकाकडे स्वतःचे कागद, थोडे पैसे, औषधं आणि सामानाच्या टॅगचे तुकडे हवेत. कागदांची एकच पिशवी एकाच्या खांद्यावर, ही जोडप्यांची हमखास चूक.

काउंटर सोडण्याआधी शिक्क्यावरची तारीख आणि मुक्कामाचे दिवस वाचा. चूक तिथेच दुरुस्त होते, हॉलबाहेर पडल्यावर अर्ज करावा लागतो. अमेरिकेत आय-९४ (तुमच्या प्रवेशाची नोंद) ऑनलाइन असतं. पोचल्यावर ते उघडून नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुदत बघा.

दोन नागरिकत्वं आणि मुलं

दोन पासपोर्ट असलेल्याने ज्या देशात जायचं त्याचा पासपोर्ट असेल तर तोच दाखवावा. अमेरिकी नागरिकाला अमेरिकेत अमेरिकी पासपोर्टवरच जाता येतं. ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळतच नाही, त्यामुळे दुसऱ्या पासपोर्टवर ब्रिटनला जायचा बेत चेक-इनलाच अडतो. विमान कंपनीला आगाऊ माहिती देताना उतरायच्या देशात दाखवणार तो पासपोर्ट द्या. निघायच्या देशाच्या इमिग्रेशनला मात्र तिथे आत येताना दाखवलेला पासपोर्ट दाखवा.

मुलाचं आडनाव आणि बरोबरच्या पालकाचं आडनाव जुळत नसेल तर जन्माचा दाखला ठेवा. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं सही केलेलं संमतिपत्रही.

निघताना

परतीच्या वेळी कुणी फारसं लक्ष देत नाही, आणि जपानमध्ये याचा मोठा फटका बसतो. तिथे निवास कार्डावर राहणारा परदेशी जोडीदार वर्षभराच्या आत परत येणार असेल, तर निर्गमनाच्या कार्डावर ‘विशेष पुनर्प्रवेश’ची चौकट त्याने टिकमार्क करायची असते आणि निवास कार्ड दाखवायचं असतं. चौकट रिकामी राहिली तर निवासाचा दर्जाच संपतो. जपानी जोडीदाराला असं कार्ड भरावं लागत नाही, त्यामुळे शेजारी उभा असूनही त्याला ही चौकट माहीतच नसते.

आमच्याकडे येताना दोघांचे चालू आणि जुने पासपोर्ट, निवास कार्ड किंवा ई-व्हिसाची प्रत आणि लग्नाचा दाखला आणा. तिकीट काढण्याआधी या. तिकीट काढल्यावर आलात, तर चुकीचा थांबा बदलायचे पैसे विमान कंपनी घेते.